नैरोबीतलं हरणाचं दुकान

आमच्या घरात नवा कपडा आला तर तो हरणाच्या दुकानातूनच यायचा. दुकानाचं खरं नाव वेगळं होतं, कंपनीचं, लांबलचक. पण पाटीवर उडी मारणारं हरिण काढलेलं होतं, म्हणून सगळे हरणाचं दुकान म्हणायचे. एका मोठ्या कापड गिरणीची ही दुकानं गावोगावी होती. आमच्या नागपुरात सीताबर्डीवर एक, जबलपूरला एक, अकोल्याला एक. लग्नाकार्याला परगावी गेलो की मंडप सापडायच्या आधी माझ्या बायकोला ती पाटी सापडायची.

मी स्वतः गिरणीत माग चालवणारा माणूस. छत्तीस वर्षं चालवला. पण आमची गिरणी वेगळी, हरणाची वेगळी. म्हणजे दिवसभर मी एकाचा कपडा विणायचा आणि बायकोनं दुसऱ्याचा विकत आणायचा. एकदा मला राग आला. म्हटलं, "अवं, घरचा माणूस कपडा विणून राहिला अन् तू परक्याच्या दुकानात काहून जातेस?"

ती म्हणाली, "तुमी कसा विणता ते मले माहीत हाये नं जी. म्हणूनच तं तिकडं जाणं पडते."

त्या दिवसापासून मी पिशवी धरून तिच्या मागं जाऊ लागलो.

बर्डीवरच्या दुकानात जिना चढायच्या आधी खाली चपला काढाव्या लागत. वर भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी गादी. ती गादीवर मधोमध मांडी घालून बसायची, मी खांबाला टेकून. दुकानातला माणूस तिच्यापुढं थानावर थान उलगडत जायचा आणि ती एकेक कापड दोन बोटांत चोळून पाहायची. मग कोपरा तोंडात घालायची, ओला करायची आणि पदराला घासायची. पदराला रंग लागला की ते थान बाद. माझ्या धोतरापासून पोरीच्या परकरापर्यंत सगळं तिनं असं तोंडात घालून घेतलेलं. मी जन्मात एक हात कापड स्वतः घेतलं नाही. मी विचारलंच तर म्हणायची, "तुमी बसा गुमान."

तिचा दुसरा गुण म्हणजे कुंची. लहान बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ती कुंची. आम्ही नागपुरातल्या नंदनवन वस्तीत राहायला आलो तेव्हापासून आजूबाजूच्या बाया कुंची कापायला तिच्याकडेच यायच्या. वरून नवी छीट, आतून जुन्या लुगड्याचं अस्तर, मागं चुण्या. मी खाटेवर पडलेला असायचो आणि ती बायांना सांगत असायची, "पाठीवर तीन वीत सोडाची. डोक्याले एक वीत अन् चार बोटं. विसरू नको वं." ऐकून ऐकून मला ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं. पाढे मात्र मला दहाच्या पुढं येत नाहीत, चौथीत शाळा सुटली.

आमची एकच मुलगी. जावई गिरणीतच फिटर होता, हुशार. आफ्रिकेत नैरोबीच्या बाजूला एक कापड गिरणी निघाली, तिथं त्याला नोकरी लागली आणि दोघं तिकडं गेली. तिकडं मुलीचे दोनदा दिवस वाया गेले. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा बायकोनं नातेवाइकांत कोणाला सांगितलंसुद्धा नाही. कपडे शिवून ठेवण्याचा तर प्रश्नच नव्हता. आमच्यात मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. बायको म्हणायची, "पोट्टं हातात येऊ द्या, मंग कात्री."

कात्री काही तिला धरता आली नाही. माघात तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. शेवटी काही बोलली का असं लोक विचारतात. काही बोलली नाही. बोलण्यासारखी तिची हालतच नव्हती. ते सिनेमात बोलतात.

मुलीला पाचवा महिना होता, डॉक्टरनं प्रवास मना केला होता. ती येऊ शकली नाही. महिन्याभरानं तिचं पत्र आलं. पत्रात इकडचं तिकडचं होतं, जेवण करत जा वगैरे. आणि शेवटी एक ओळ होती: माय नाही तर बाबा आता माझं माहेर संपलं.

मला वाचायला वेळ लागतो. तरी ती ओळ मी चारदा वाचली. मला राग आला, खरं सांगतो. मी काय मेलो होतो? घर होतं, दार होतं, मी होतो. मग थोड्या वेळानं समजलं की ती बरोबर लिहीत आहे. मी त्या घरात कोण होतो? खांबाला टेकून बसणारा.

पहिल्या बाळंतपणात माहेरून बाळंतविडा जातो. झबली, टोपडी, दुपटी आणि सगळ्यांत वर कुंची. बाराव्या दिवशी नाव ठेवताना बाळाच्या अंगावर माहेरचे कपडे लागतात, तोवर त्याला जुन्या धडोत्यातच गुंडाळतात. मी बहिणीला म्हटलं, बाळंतविडा मी करतो. बहीण हसली.

"दादा, हे बायांचं काम हाये. पैसे धाडून दे तिले."

"पैशे डोक्यावर घालते का ते पोट्टं?"

"मंग तू शिवशील?"

"शिवीन."

"तुले सुईत दोरा तरी ओवता येते का?"

हे ऐकून मात्र मी तिला जे बोललो ते इथं लिहीत नाही. छत्तीस वर्षं तुटलेले धागे जोडलेल्या माणसाला असं विचारायचं?

जावयानं तिकीट पाठवलं. भर मे महिन्यात, नागपूर भट्टीसारखं पेटलं असताना मी निघालो. पिशवीत बायकोची दोन जुनी लुगडी होती, अस्तराला आणि दुपट्यांना. मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबानं पिशवी उघडली.

"ये क्या है?"

"बायको के लुगडे है, साहेब."

"बेचने का माल है?"

मी म्हटलं, "फाटेल है, साहेब. तुमको होना क्या?" त्यानं पिशवी बंद केली.

आफ्रिका म्हणजे नागपुरापेक्षा गरम असेल असं मी धरून चाललो होतो. नैरोबीला उतरलो तर दात वाजायला लागले. ते गाव उंचावर आहे आणि आपल्याकडे ऊन असतं तेव्हा तिकडं थंडी. जावयानं आपला स्वेटर काढून मला घातला. त्याच्या बाह्या मला दोन वेळा दुमडाव्या लागल्या.

मी गेल्यावर पंधरा दिवसांनी मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्सनं नात माझ्या हातात दिली तेव्हा मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर तिचे कान. बायकोसारखे, बाहेर आलेले. बायकोच्या कानांवरून मी तिला खूप चिडवलं होतं, ते आठवलं.

दवाखान्यातून घरी येताना जावई गाडी चालवत होता, मागं मुलगी आणि बाळ. शहराच्या मधोमध एका वळणावर मी ओरडलो, "थांबवा! हरिण!"

जावयानं करकचून ब्रेक मारला. मागून भोंगे वाजले.

"कुठी, मामाजी? कुठी हाये?" तो रस्त्यावर इकडं तिकडं पाहू लागला. तिकडं हरणांचं काही नवल नाही, गावाबाहेर कळपच्या कळप दिसतात. पण भर बाजारात म्हणून तो घाबरला होता.

"पाटीवर पाहा नं."

त्यानं पाहिलं. दुमजली इमारत, मोठ्या काचा आणि वर तेच उडी मारणारं हरिण. आपल्याकडं ते पिवळ्यावर तांबडं असतं, इथं दिव्यांच्या नळीचं होतं, पण पाय तसेच दुमडलेले. मी मागं वळून मुलीकडं पाहिलं. तिनं पाटी पाहिली आणि तोंड खिडकीकडून फिरवलं. म्हणाली, "चला नं, बाळाले थंडी वाजते."

घरी आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. बाळाला पाजायची, परत भिंतीकडं. जेवण दिलं तर जेवायची. शेजारी एक गुजराती बाई राहायची, भली बाई. तिनं लोकरीची टोपी विणून आणली. मुलगी म्हणाली, छान आहे. बाराव्या दिवसाची तयारी जावई करत होता, चार घरच्या बायांना सांगून आला. मुलगी त्यातलं काहीच विचारत नव्हती. बाबा, माहेरून काही आणलं का, असं तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. ती विचारत नव्हती म्हणजे तिनं आशाच सोडली होती. तेच मला टोचत होतं.

नवव्या दिवशी मी जावयाला म्हटलं, "मले त्या दुकानात सोडा."

"मामाजी, मी येतो नं संगं. तुमाले तिथली भाषा..."

"कपडा घ्याले भाषा कशाले पाहिजे?"

त्याला गिरणीत जायचं होतं. त्यानं मला दुकानापुढं उतरवलं आणि दीड तासानं येतो म्हणाला.

मी दारापाशी जोडे काढले. नीट भिंतीला लावून ठेवले, आत मोजे घातले होते ते तसेच ठेवले आणि काच ढकलून आत गेलो. दहा पावलं गेलो नसेन तर मागून आरडाओरड. दुकानाचा पहारेकरी, सहा फूट उंच, माझे जोडे दोन्ही हातांत धरून धावत येतोय. "मझे! मझे!" तिकडं म्हाताऱ्या माणसाला मानानं मझे म्हणतात हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला वाटलं, माझं काही चुकलं म्हणून हा शिव्या देऊन राहिला. सगळं दुकान माझ्याकडं पाहत होतं. त्यानं खाली वाकून जोडे माझ्या पायांपुढं ठेवले. मी परत उचलून दारापाशी नेऊन ठेवले. त्यानं परत आणले. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी ते काखेत धरले आणि तसाच फिरलो.

दुकान पाहिलं आणि माझं मनच उतरलं. गादी नाही, थान नाही. फरशी अशी की खाली आपलं तोंड दिसतं. लाकडाची माणसं सूट घालून उभी. खांबाला टेकावं तर खांबाला आरसा लावलेला. आरशात एक म्हातारा, स्वेटरच्या बाह्या दुमडलेल्या, काखेत जोडे. म्हटलं, हे काही आपलं हरिण नाही.

एक म्हातारा गुजराती गल्ल्यामागून उठून आला. कपाळावर बारीक टिळा, गळ्यात मापाची पट्टी. "बोलो काका, क्या दिखाऊं?"

"कुंची का कपडा."

"वो क्या होता है?"

मी खिशातला रुमाल काढून डोक्यावर धरला आणि मागं पाठीवर सोडून दाखवला. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं मी ऐकतो कमी आणि बोलतो मोठ्यानं. त्यामुळं जे पाहायचे राहिले होते तेही पाहू लागले.

"अच्छा, टोपी!" असं म्हणून त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतले बाळाचे कपडे आणून ठेवले. टोपी, मोजे, सदरा, सगळं तयार, सगळं एकाच गुलाबी रंगाचं.

"रेडीमेड नही. कपडा. छीट का थान."

"काका, अब सब रेडीमेड चलता है."

"तो फिर बाहर हरिण कायको लगाया?"

मी जरा जास्तच मोठ्यानं बोललो असेन. तो जवळ येऊन म्हणाला, "कहां से आए हो?"

"नागपूर. बर्डी का दुकान मालूम है?"

"मालूम नही. पर इंडिया की दुकान तो मालूम है. मै राजकोट की दुकान मे बैठता था." तो वळला. "आओ पीछे."

मागं एक अंधारी खोली होती. फळ्यांवर थानं रचलेली, वर धूळ. जमिनीवर एक जाडी सतरंजी अंथरलेली. मी जोडे खाली ठेवले आणि सतरंजीवर बसलो, आणि तोही बसला. त्यानं एक थान ओढलं आणि दोन्ही हातांनी समोर फेकलं. थान उलगडताना भद भद भद असा आवाज होतो. मला बाकी काही ऐकू येवो न येवो, तो आवाज ऐकू आला.

पिवळ्यावर बारीक तांबडी फुलं. मी दोन बोटांत चोळलं. मागावर कापड हाताखालून गेलंच होतं आयुष्यभर, पण असं घ्यायच्या हिशेबानं कधी चोळलं नव्हतं. सूत चांगलं होतं. मग मी कोपरा तोंडात घातला.

"अरे काका! नया माल जूठा कर दिया!"

"मेरी औरत ऐसाच देखती थी."

"तो उनको लेके आना था ना. औरतों को ज्यादा समझता है."

"वो नही है अब."

मी ओला कोपरा बनियनला घासून पाहिला. तांबडा रंग लागला. ते थान बाद. तो उठला, वरच्या फळीवरून दुसरं थान काढलं, फेकलं आणि त्याचा कोपरा स्वतः माझ्यापुढं धरला. "इसका भी देखो."

हिरव्यावर पांढरे ठिपके. ते पास झालं.

"कितना मीटर?"

"मीटर बीटर नही. बित्ता." मी वीत पसरून मोजायला लागलो. पाठीवर तीन वीत. डोक्याला एक वीत आणि चार बोटं. एक शब्द विसरलो नव्हतो.

त्यानं आपली पट्टी लावून पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "काका, बच्चा कितने साल का है?"

"नौ दिन का."

"नौ दिन का? इसमे तो स्कूल जाने वाला बच्चा..."

"तुम कपडा काटो. माप मेरी औरत का है."

त्यानं कापलं. भाव मी केला नाही, हरणाच्या दुकानात भाव करत नाहीत. जाताना तो दारापर्यंत आला आणि पहारेकऱ्याला काही सांगितलं. पहारेकऱ्यानं माझे जोडे माझ्याकडून मागून घेतले, दाराबाहेर नेऊन ठेवले आणि मी बाहेर येऊन घालेपर्यंत उभा राहिला.

दोन दिवस मी स्वयंपाकघरात बसून शिवत होतो. शेजारणीकडं मशीन होती, ती देते म्हणाली, पण कुंचीची शिवण हातानं घालायची असते, बाळाच्या डोक्याला बोचत नाही. अस्तराला बायकोचं लुगडं कापलं. ते कापताना वेळ लागला. कापणं सोपं होतं, कापड विरलेलंच होतं. दोन वेळा कात्री खाली ठेवली, एवढंच. मागं चुण्या घालता घालता बोटं सोलली. जावई येता जाता बघायचा आणि काही बोलायचा नाही. शहाणा माणूस.

अकराव्या दिवशी दुपारी मी कुंची घेऊन मुलीच्या खोलीत गेलो. ती भिंतीकडं तोंड करून होती. मी म्हटलं, "उठ वं. बाळंतविड्यातलं आणलं."

ती वळली. कुंचीकडं पाहिलं. पाटीवरच्या हरणाकडं पाहिलं होतं तसंच तोंड झालं तिचं. म्हटलं, आता रडते. तिनं बाळाला मांडीवर घेतलं आणि कुंची त्याच्या डोक्यावर घातली.

बाळ नाहीसं झालं.

खरंच सांगतो. डोक्याचा भाग हनुवटीपर्यंत खाली आला, मागचा पाठीवरून पायांवरून घसरून खाटेखाली लोंबायला लागला. आतून फक्त एक जांभई ऐकू आली. मुलीनं कुंची वर उचलली, बाळ सापडलं, परत सोडली, परत बाळ गायब. आणि ती हसायला लागली. इतकी हसली की टाके दुखतात, टाके दुखतात म्हणत हसत राहिली. जावई धावत आला.

"काय झालं?"

"बाबानं... बाबानं तंबू शिवला," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "बाबा, कोणाच्या वितीनं मोजलं?"

"कोणाच्या म्हणजे? तीन वीत. अन् एक वीत चार बोटं. तुही माय सांगे तसंच."

"पण वीत कोणाची?"

मी हात पसरून दाखवला. तिनं आपला हात माझ्या तळहातावर ठेवला. तिची बोटं माझ्या बोटांच्या अर्ध्यावर संपली.

"मायची वीत तं याच्याहूनबी लहान होती," ती म्हणाली.

छत्तीस वर्षं मी माग चालवला, त्याहून जास्त वर्षं ती माझ्या घरात होती. तिनं थापलेल्या भाकरी मी खाल्ल्या, तिनं धुतलेलं धोतर नेसलो. पण तिचा हात केवढा होता हे मी कधी पाहिलंच नव्हतं. सगळ्या बायांना ती वीत सांगायची, तेव्हा तिच्या मनात तिचा एवढासा हात होता. माझ्या डोक्यात आला तो माझाच हात.

मी म्हटलं, "उद्या सकाळी दुकान उघडलं की नवं कापड आणतो. बारा वाजता बाया येतीन, तवापर्यंत होईन."

"काहून? हेच कापा."

"बाळाच्या कपड्याले दोनदा कात्री लावू नाई म्हणतात."

"कोण म्हणते?"

विचार केला तर तसं कोणीच म्हणत नव्हतं. मीच म्हणत होतो. मला ते लुगडं परत कापायचं नव्हतं.

मुलगी उशीला टेकून बसली. दहा दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड खोलीकडं होतं. तिनं कुंची आपल्या पुढ्यात पसरली आणि आपली वीत टाकून मोजायला लागली. "माय माह्या वितीहून बोटभर कमी टाके. म्हणजे इथं. इथं खूण करा. अन् चुण्या अशा नाई, बाबा, या सगळ्या एका बाजूले पडल्या. कोणी शिकवलं तुमाले?"

"कोणी शिकवाले होतं इथं?"

"मले विचाराचं नं."

"तू भिंतीसंग बोलत होतीस."

तिनं कात्री माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "आता नाई बोलत. कापा."

मी कापलं. वरची छीट आणि खालचं लुगडं, दोन्ही एकदम, सरळ. ती टाके उसवत गेली, मी परत घालत गेलो. बसता बसता ती सांगत होती, माय चुण्या घालताना ओठ कसे दाबायची, सुई हरवली की कोणावर आळ घ्यायची. आळ माझ्यावर घ्यायची. मला ते माहीत नव्हतं, माझ्या माघारी घ्यायची म्हणे. उरलेल्या छिटीत एक झबलं निघालं. उरलेल्या लुगड्यात दोन दुपटी. जावयानं दोनदा चहा केला आणि तिसऱ्यांदा विचारलं की कोणी जेवणार आहे का. तेव्हा बाहेर नुकतं अंधारत होतं.

बाराव्या दिवशी बाया आल्या. चार गुजराती, एक पंजाबी आणि जावयाच्या गिरणीतल्या एका आफ्रिकी माणसाची बायको. पाळणा बांधला होता, नाव ठेवलं. नाव इथं लिहीत नाही, तिचं तिनं मोठं होऊन लिहावं. कुंची नीट बसली होती. एका बाजूच्या चुण्या तरी जरा जास्तच होत्या, पण त्या मीच घातल्या होत्या त्यामुळं मलाच दिसत होत्या.

शेजारणीनं कुंचीला हात लावला, अस्तर चाचपलं. "बहुत सुंदर है. कहां से लिया?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं नाही. बाळाकडं पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मेरे मायके से आया है."

पंजाबी बाई म्हणाली, "अच्छा, किसी के हाथ भेजा होगा."

"नही," मुलगी म्हणाली. "मायका खुद लेके आया. वो देखो, दरवाजे के पास बैठा है."

सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या. मी दाराशी खुर्चीवर होतो. काय करावं कळेना, म्हणून उठून उभा राहिलो. शेजारीण म्हणाली की तिच्या सुनेला दिवाळीच्या सुमारास होणार आहे, काका एक तिच्यासाठीही कराल का?

मी म्हटलं, करतो. फक्त सुनेला घेऊन या, आधी तिची वीत पाहतो.